चाळिसाव्या वर्षीचा मंगळवार

११ जानेवारी

ताई,

इतके दिवस पत्र नाही, माफ कर. शाळेत प्रवेशअर्जांचा हंगाम चालू आहे आणि माझ्या मार्गदर्शन कक्षात बसायला जागा नसते, हे खरं आहे. पण न लिहिण्याचं कारण ते नाही. मी लिहायला बसत होते आणि अर्ध्यावर फाडत होते. फोनवर आपण दोघी दुसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून कामाचं सगळं पत्रातून, असं आपणच ठरवलं ना? पत्रात निदान एकमेकींचं वाक्य पुरं होऊ देतो. मग हेही पत्रातच.

तुझी भिंगरी तिच्या शाळेच्या सुट्टीत माझ्याकडे आली होती, तेव्हा एक दिवस माझ्या वर्गात येऊन बसली. शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून मी दरवर्षी एक गोष्ट करून घेते. कल-चाचण्या, कॉलेजांची माहितीपत्रकं, मुलाखतीचा सराव हे सगळं नंतर. आधी डोळे मिटायचे आणि आपण चाळीस वर्षांचे झालो आहोत असं धरून एक साधा मंगळवार सांगायचा. सण नाही, बक्षीस समारंभ नाही, नुसता मंगळवार. कुठे उठलात, काय घातलंत, कुणाशी बोललात. मुलं डॉक्टर-इंजिनियर विसरतात आणि खरं बोलायला लागतात. एकाने पूर्ण मंगळवार एका कुत्र्याबरोबर काढला, तो आता प्राण्यांच्या दवाखान्याचं शिकतो आहे.

भिंगरीने तुमचं दुकान सांगितलं. शटर वर जातं, भावजी काउंटरची काच पुसताहेत, तू तपासणीची खुर्ची वर-खाली करून बघते आहेस. एक म्हातारा आपला चष्मा विसरून निघतो, तू त्याला हाका मारत दारापर्यंत जातेस, आणि त्याला ऐकू येत नाही म्हणून तो कानाला लावायचं यंत्र शोधतो. वर्ग हसून हसून लोटपोट. इतकं हुबेहूब की मला काचा पुसायच्या द्रावणाचा वास आला.

मी विचारलं, "आणि यात तू कुठे आहेस?"

तिने डोळे उघडले. म्हणाली, "अगंबाई, मी राहिलेच की!"

सगळे हसले. मीही हसले. ती पण.

एवढंच. आता लिहून बघितल्यावर काहीच नाही असं वाटतं. ती नीट जेवते ना? झोपते ना? सोबत एक पार्सल पाठवते आहे. शिष्यवृत्त्यांची पुस्तिका, अभ्यासक्रमांची माहिती, मुलाखतीचे नमुना प्रश्न. तिला बघू दे निवांत.

तुझी
धाकटी

१९ जानेवारी

शहाणे,

पत्र मिळालं, पार्सलही मिळालं. पार्सल उचलताना ह्यांची पाठ धरली. एवढ्या कागदात आमच्या आख्ख्या गल्लीचं करिअर होईल.

मला एक सांग, ही काळजी आहे की जाहिरात? पोरीला दुकानात राहायचं नाही, माझ्याकडे पाठव, असं सरळ लिहायचं होतंस. मंगळवारात ती नव्हती म्हणे! अगं, मंगळवारी आमचं दुकान बंद असतं. इतकी वर्षं येते-जातेस, तुझ्या लक्षात यायला नको? पोरीने वर्गाला हसवायला ठोकून दिलं आणि मार्गदर्शकबाईंनी त्याचा अर्थ काढला.

जेवते. झोपते, नको तितकी झोपते. उलट या महिन्यात तर शहाण्यासारखी वागते आहे. खोली लखलखीत. त्या रंगांच्या पेट्या, ज्यांना मला हात लावू देत नव्हती, त्या शेजारच्या छोटीला देऊन टाकल्या. स्केट्स दिले. तो निळा कोटही चुलतबहिणीला दिला, म्हणाली, तिला जास्त शोभतो. मी ह्यांना म्हटलं, बघा, मोठी झाली तुमची लेक. आधी साधी पेन्सिल मागितली तरी अंगावर यायची.

आणि गुपित ऐक, तिला कळू देऊ नकोस. ह्यांनी दुकानाची पाटी नवीन करायला टाकली आहे. नावाखाली लिहायचं, "आणि कन्या". तिच्या वाढदिवसाला सकाळी लावायची. दृष्टितपासणीचा कोर्स इथल्याच कॉलेजात आहे, घरून जाईल-येईल. हे रोज रंगाऱ्याकडे चक्कर मारतात आणि दर वेळी "कन्या" जरा मोठं करून येतात. आता ते ह्यांच्या नावापेक्षा मोठं झालंय.

तू आली असतीस तर बरं वाटलं असतं. भांडायला तरी.

ताई

उद्या: पाटीवाल्याला अक्षरांचा रंग सांगणे.

(हसू नकोस. दुकानाची सवय आहे, उद्याचं काम खाली लिहिल्याशिवाय कागद पुरा झाला असं वाटत नाही.)

२२ जानेवारी

ताई,

हे पत्र कुरियरने पाठवते आहे. आज दुपारपासून फोन लावते आहे. पहिल्यांदा तू "गिऱ्हाईक आहे" म्हणून ठेवलास, नंतर उचललाच नाहीस. भावजींचाही लागत नाही. हे वाचत असशील तर आधी दुकानातून बाहेर ये, किंवा आत तपासणीच्या खोलीत जा. भिंगरी जवळ नसेल असं बघ.

मागच्या पत्रात मी जे लिहायला हवं होतं ते लिहिलं नाही. भोवती भोवती फिरले. जेवते का, झोपते का. आता सरळ लिहिते. मला भीती वाटते की भिंगरीला जगायचं नाहीये.

लिहितानाच वाटतंय की मी उगाच गोष्ट रचते आहे. पेशाने माणूस असं होतं, प्रत्येक मुलात काहीतरी शोधायला लागतं. म्हणून तीनदा विचार केला. पण ताई, तू आनंदाने जे लिहिलंस तेच वाचून मी फोन उचलला. आम्हाला प्रशिक्षणात सांगतात ते असं : मूल आपल्या जिवापाड जपलेल्या वस्तू अचानक वाटायला लागलं, झोप बदलली, एकदम शांत आणि गुणी झालं, की वाट बघायची नाही. ते रंग तिने कधी मलाही वापरू दिले नव्हते. आणि मंगळवारी दुकान बंद असतं हे तिला माहीत नाही का? तिच्या डोक्यात तुम्ही दोघं बंदच्या दिवशीही दुकान उघडून बसला आहात, आणि ती नाही.

तिला विचार. आडून नको, सरळ. जीव द्यावासा वाटतो का, असंच. विचारल्याने ते डोक्यात भरतं असं लोक समजतात, तसं नसतं. विचारल्याने मूल एकटं राहत नाही. घरातली औषधं नजरेआड ठेव. तुमच्या गावातल्या एका मानसोपचार डॉक्टरीणबाईंचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे, आमच्या शाळेतली मुलंही त्यांच्याकडे जातात. माझं नाव सांग.

मी चुकीची निघाले तर जन्मभर मला चिडव. मी ते आवडीने ऐकून घेईन.

धाकटी

२७ जानेवारी

धाकटे,

पत्र काउंटरवर उभ्याने वाचलं. समोर एक बाई फ्रेम लावून आरशात बघत होती. विचारलं, "कशी दिसते?" मी म्हटलं, "छान." कुणाला म्हटलं, कशाला म्हटलं, काही कळलं नाही. तिने तीच फ्रेम घेतली.

तू फोनवर विचारलंस, बोललीस का तिच्याशी? तेव्हा मी हो म्हटलं. खोटं बोलले. नाही बोलले. तोंड उघडते आणि "चहा घेतेस का?" असं बाहेर पडतं. पोरीला दिवसात इतका चहा विचारलाय की ती म्हणाली, "आई, मी काय पाहुणी आहे का?"

विचारता येईना म्हणून बाकीचं सगळं केलं. औषधांचा डबा दुकानात नेला. कात्र्या, ब्लेड, सगळं नेलं. बाथरूमची आतली कडी काढायला ह्यांना सांगितलं. ह्यांच्याकडे स्क्रूड्रायव्हर एकच, चष्म्याच्या काड्या पिळायचा, टाचणीएवढा. त्याने दाराचे स्क्रू काढत बसले. घाम फुटला, आणि मी मागे उभी राहून म्हणते आहे, लवकर करा, ती येईल. आपल्याच घरात चोर असल्यासारखं. शेवटचा स्क्रू हातात आला तेव्हा हे तिथेच जमिनीवर बसून राहिले.

तिने येऊन पाहिलं. दाराला चार भोकं. हे म्हणाले, गंजली होती. आता अंघोळीला गेली की गात असते. आधी गात नव्हती. मी बाहेर कपड्यांच्या घड्या घालायचं सोंग करून उभी असते. ह्यांना वाटतं, गाते म्हणजे मजेत आहे. मलाही तसंच वाटायला हवंय.

तुला सांगितलं नव्हतं ते सांगते. तिच्या वर्गशिक्षकांनी नोव्हेंबरात बोलावलं होतं. सराव परीक्षेत तिने अर्धा पेपर कोरा सोडला होता. मी म्हटलं, लक्ष नसतं, वय आहे. जेवते असं लिहिलं, ताटात हात फिरवते आणि उठते. मी तुला खोटं लिहिलं असं नाही गं, मी स्वतःलाही तेच सांगत होते.

तू विचार तिला. तुझं कामच आहे ते. मला शब्द येत नाहीत.

ताई

उद्याचं काही लिहवत नाही.

२९ जानेवारी

मावशी,

आई तुला पत्र लिहिते आणि पाकीट चिकटवायच्या आधी रडते, म्हणून मला कळलं की विषय मी आहे. तू तिला काय सांगितलंस?

आमच्या बाथरूमला कडी नाही. बाबा म्हणाले, गंजली होती. तीन महिन्यांपूर्वी बाबांनीच सुताराकडून नवीन बसवून घेतली होती. घरातल्या कात्र्या नाहीशा झाल्या आहेत. काल आईने पार्सलाची दोरी दातांनी तोडली. हसू आलं आणि मग खूप भीती वाटली, कारण आईला इतकं घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं. मी आत गेले की ती दाराशी उभी राहते, तिची सावली खालच्या फटीतून दिसते. म्हणून मी गाते. गाणं चालू असलं की तिला कळतं. पण तिला इतका वेळ उभं राहायला लागू नये म्हणून अंघोळ भराभर उरकते, साबणही नीट जात नाही.

तुझं पार्सल मी उघडलं. सगळ्या पुस्तिकांच्या कव्हरवर मुलं हसताहेत. पायऱ्यांवर बसून, हातात पुस्तकं घेऊन, सगळी एकाच दिशेला बघून. मी त्या दिशेला बघायचा प्रयत्न केला. मुलाखतीच्या प्रश्नांत पहिलाच प्रश्न, दहा वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? मी ती पुस्तिका गादीखाली ठेवली. मग गादीवर झोप येईना म्हणून कपाटावर ठेवली.

तुझ्या वर्गात मी खोटं बोलले नव्हते. डोळे मिटले तर दुकान दिसलं, आई दिसली, बाबा दिसले. मी शोधलं, खरंच शोधलं. खुर्चीच्या मागे, पडद्यामागे. नव्हते. आणि मला बरं वाटलं, मावशी. हलकं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच मला भीती वाटते आहे तेव्हापासून.

पाटीचंही मला माहीत आहे. रंगाऱ्याच्या मुलीच्या वर्गात मी आहे.

आई गिऱ्हाइकांचे डोळे तपासते तेव्हा भिंगं बदलत विचारते ना, "हे बरं की हे बरं?" लोक घाबरतात. चुकीचं उत्तर दिलं तर जन्मभर चुकीचा चष्मा लागेल असं वाटतं त्यांना. तेव्हा आई किती हळू आवाजात सांगते, "घाई नाही. दोन्ही सारखं दिसत असेल तर तसं सांगा, तेही उत्तरच आहे." मी लहानपणापासून पडद्यामागे बसून ते ऐकत आले आहे. मला ती असं कधीच म्हणाली नाही.

ती विचारत नाही, कात्र्या लपवते. तूही विचारत नाहीस, पुस्तिका पाठवतेस.

भिंगरी

३१ जानेवारी

भिंगरे,

तू म्हणतेस ते बरोबर आहे, म्हणून विचारते. तुला मरावंसं वाटतं का? कसं करायचं, असा विचार मनात येतो का?

उत्तर पत्राने नको. पत्र दोन दिवस प्रवासात असतं आणि तेवढा वेळ मला तुला एकटं सोडायचं नाही. हे पाकीट बंद केलं की मी तुझ्या आईला फोन करणार आहे आणि तू मला काय लिहिलंस ते सांगणार आहे, कडीचं, गाण्याचं, भिंगांचं सुद्धा. तू चिडशील. चिड. हे एक गुपित मी ठेवणार नाही. आई आजच तुला विचारेल. हे पत्र पोचेपर्यंत तिला जमलं नसेल तर तू सुरुवात कर, वाक्य अर्धवट असलं तरी चालेल. शनिवारी सकाळच्या बसने मी येते आहे.

वर्गात तू "मी राहिलेच की" म्हणालीस तेव्हा मी हसायला नको होतं. मला तेव्हाच धस्स झालं होतं. वर्गासमोर काय करावं सुचलं नाही म्हणून हसले.

तुझं ऐकायला पुस्तिका लागत नाहीत. रिकाम्या हातांनी येते.

मावशी

६ मार्च

धाकटे,

आता उशिराची माफी मागायची पाळी माझी. तू शनिवारी येऊन राहून गेलीस, त्यानंतर फोनवर रोज बोललो आणि भांडलोही नाही, हेच मला अजून खरं वाटत नाही. पण तू येण्याच्या आधीची, तुझा फोन आला ती संध्याकाळ मी तुला नीट सांगितलेली नाही. फोनवर सांगवत नाही.

तुझा फोन ठेवला आणि मी शटर अर्धं ओढलं. तिला म्हटलं, "आत ये, डोळे तपासायचेत."

म्हणाली, "माझे डोळे चांगले आहेत."

"तरी ये."

खोलीत दिवा मालवला, समोरचा अक्षरांचा तक्ता तेवढा उजळलेला. ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, मी माझ्या स्टुलावर. अंधारात तोंड दिसत नाही म्हणून जमलं. म्हटलं, "जीव द्यावासा वाटतो का गं तुला?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

ती तक्त्याकडे बघत राहिली. मग मी कशी कुणास ठाऊक, म्हणाले, "घाई नाही. सांगता येत नसेल तर तसं सांग. तेही उत्तरच आहे."

तेव्हा ती रडायला लागली. म्हणाली, "कधी कधी. सकाळ झालीच नाही तर बरं, असं. एकदा औषधाच्या डब्यापर्यंत गेले होते. झाकण उघडून परत लावलं."

मला ओरडायचं होतं. मी तिचा हात धरला आणि विचारलं, "परत का लावलंस?"

"बाबा शिंकले बाहेर. एकावर एक, थांबेचनात. मग मला हसू आलं."

पडद्याच्या मागून हुंदका आला. हे तिथेच उभे होते, किती वेळ देव जाणे. ती म्हणाली, "बाबा, आता नका शिंकू." आम्ही तिघं त्या तेवढ्याशा खोलीत, रडतोय की हसतोय, कुणालाच कळेना. डॉक्टरीणबाईंना तिथूनच फोन केला.

आता दर आठवड्याला ती त्यांच्याकडे जाते. गोळ्या मी माझ्या हाताने देते. बाई म्हणाल्या, एकदम बरं होणार नाही, चढउतार होतील, विचारत राहा. मी विचारते. आता चहाच्या आधी विचारते.

ह्यांनी पाटीवरचं "आणि कन्या" स्वतः खरवडून काढलं. रंग गेला, पण ऊन तिरकं आलं की अक्षरांचा ठसा दिसतो. ती काल बघून म्हणाली, "बाबा, राहू दे, मोडीत काढायला नको. नुसती पाटी आहे." हे तरीही रंगाऱ्याला पुन्हा बोलावणार आहेत.

परीक्षा या वर्षी देणार नाही असं ठरलं. शाळेने समजून घेतलं, तू बोललीस म्हणून. तुमच्या कक्षातून मुलांना आठवडाभर कुणाच्या तरी कामावर नुसतं बसायला पाठवता ना, तसं तू जमवून दिलंस त्या नकाशांच्या कार्यालयात ती जाऊन आली. तिथे एक बाई दिवसभर नद्यांच्या कडा दुरुस्त करते म्हणे, नद्या जागा बदलतात म्हणून. विचारलं, "आवडलं?" म्हणाली, "दुकान आणि ते, दोन्ही सारखंच दिसतं सध्या." पूर्वी मी म्हटलं असतं, नीट बघ. या वेळी म्हटलं, "बरं." रात्री तिने आमटी दोनदा वाढून घेतली, मी बघितलं नाही असं दाखवलं. शेजारच्या छोटीने रंगांची एक पेटी आपणहून परत आणून दिली. ती अजून उघडलेली नाही, पण खोलीत आहे.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. आज दुपारी ती म्हणाली, "आई, कडी पाहिजे."

माझ्या हातातली फ्रेम खाली पडली.

म्हणाली, "मला साबण नीट धुवायचाय. तू दार वाजवलंस तर मी ओ देईन. दर वेळी. गाणार नाही, मला गाता येत नाही, तुला माहीत आहे. नुसती ओ देईन."

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या तिच्याशीही बोलल्या, मग मला म्हणाल्या, तिने ओ द्यायचं कबूल केलंय तर द्या, आणि वाजवायला लाजू नका. ह्यांनी नवीन कडी आणली आहे, आणि या वेळी धड स्क्रूड्रायव्हरही. दोन्ही माझ्यासमोर टेबलावर आहेत. मी त्यांच्याकडे बघत तुला लिहिते आहे. मला भीती वाटते, धाकटे. उद्या ती आत जाईल, कडी लागल्याचा आवाज येईल आणि मी बाहेर उभी असेन. आत गाणं नसेल. मी दार वाजवेन आणि ती ओ देईपर्यंतचा तो वेळ मला काढावा लागेल. दर वेळी.

ताई

उद्या: बाथरूमची कडी बसवणे.